फळी आधी आली, बूट नंतर: स्नोबोर्डच्या सामानाची पूर्वकथा

डिसेंबर लागला की ठाण्यातल्या आमच्या ट्रेकर मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. जानेवारीत गुलमर्गला चाललोय, स्नोबोर्ड कुठला घेऊ? स्नोबोर्ड म्हणजे बर्फाच्या उतारावर उभं राहून घसरायची फळी. परवा तलावपाळीवर चक्कर मारताना भाचीनेही तेच विचारलं. "मामा, चांगला सेकंडहँड बोर्ड मिळतोय, घेऊन टाकू?" मी म्हटलं, बोर्ड राहू दे, आधी बूट बघ. तिला ते काही पटेना. मग सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली.

१९६५ चा नाताळ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन गावात शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की शेजारी-शेजारी जोडून एक फळी तयार केली. पत्नी नॅन्सी यांनी 'स्नो' आणि 'सर्फ' एकत्र करून तिचं नाव ठेवलं 'स्नर्फर'. पुढे ब्रन्सविक कंपनीने ती बाजारात आणली आणि ती लाखोंनी खपली. पुढच्या टोकाला दोरी, ती हातात धरायची आणि उभं राहायचं. पाय बांधायला काहीही नव्हतं. पायात घरातले जे असतील ते बूट.

त्याच्याही आधी, १९६३ च्या सुमारास, टॉम सिम्स यांनी न्यू जर्सीत शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात अशीच एक फळी केली होती. सत्तरच्या दशकात दिमित्री मिलोविच यांनी युटाच्या खोल भुसभुशीत बर्फासाठी 'विंटरस्टिक' आणली. म्हणजे फळीवर डोकं चालवणारे बरेच होते. पाय फळीला धरून कसा ठेवायचा, हा प्रश्न मात्र तसाच पडून होता.

तो नेटाने धरला जेक बर्टन कारपेंटर यांनी. १९७७ मध्ये त्यांनी व्हर्मांटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली आणि १९७९ मध्ये मस्कीगनच्या स्नर्फर स्पर्धेत स्वतःचा बोर्ड घेऊन उतरले. त्यांच्या बोर्डाला पाय अडकवायचे पट्टे होते. ही काही स्नर्फर नाही, असा आक्षेप निघाला आणि शेवटी त्यांच्यासाठी वेगळा गट करावा लागला. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. वाद फळीवरून झालाच नव्हता, वाद पट्ट्यांवरून झाला होता.

पाय बांधला गेला आणि पुढच्या काही वर्षांत बाइंडिंगला, म्हणजे पाय बोर्डाला बांधायच्या पट्ट्यांच्या साच्याला, पोटरीमागे उभी पाठ आली, तिला हायबॅक म्हणतात. तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. टाचेकडची कड बर्फात रुतवायची तर शरीर मागे झुकवावं लागतं. पोटरी त्या पाठीवर टेकते, जोर थेट कडेवर जातो आणि बोर्ड वळतो. पाठ नसेल तर तो सगळा भार एकट्या घोट्यावर. ऐंशीच्या दशकातच लाकडी बोर्डाला पोलादी कड आली आणि कडक, गोठलेल्या उतारावरही वळता-थांबता येऊ लागलं. तोवर बहुतेक स्की रिसॉर्ट स्नोबोर्डवाल्यांना उतारावर येऊच देत नसत. व्हर्मांटच्या स्ट्रॅटनने १९८३ मध्ये दार उघडलं, तेही आधी बोर्ड ताब्यात ठेवता येतो हे दाखवल्यावर. हातातली दोरी गेली, पण सुटलेला बोर्ड उतारावरून कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून पायाला बांधायची छोटी दोरी आली. काही ठिकाणी ती आजही मागतात.

बूट सगळ्यात शेवटी सुधारले. लोक हिवाळी बुटांत स्कीच्या बुटांचं आतलं अस्तर कोंबून वेळ भागवायचे. युरोपात स्कीसारखे टणक बूट चालत. १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हाही जायंट स्लॅलमला (खांबांमधून वळत उतरायची शर्यत) टणक बूट आणि हाफपाइपला (अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीतल्या कसरती) मऊ, असे दोन्ही प्रकार होते. शिकणाऱ्याने आज मऊच घ्यावेत. चकती फिरवून तार आवळणारे 'बोआ' बूट २००१ पासूनचे. हातमोजे घालूनही ते घट्ट करता येतात, बोटं गारठलेली असताना ही फार मोठी सोय.

आपल्याकडे गुलमर्गला स्की क्लब १९२७ मध्येच निघाला. सरकारी स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था १९६८ मध्ये आली, गोंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. २०२० च्या पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत तिथे स्नोबोर्डही होता. बोर्ड भाड्याने मिळतो. नवशिक्याने लवचीक, हनुवटीच्या आसपास उंचीचा मागावा, त्यातही आपल्या उंचीपेक्षा आपलं वजन जास्त बघावं. पाऊल मोठं असेल तर रुंद बोर्ड घ्यावा, नाहीतर वळताना बुटाचं टोक बर्फाला घासतं.

बूट मात्र ठाण्यातूनच ठरवून जावं. माझ्या पहिल्या खेपेला मी सह्याद्रीतल्या सवयीने मोज्यांचे दोन जोड चढवले आणि दुकानातून एक नंबर मोठा बूट उचलला. तासाभरात बोटं बधिर, आणि प्रत्येक वळणाला टाच आत वर उचलली जायची. मी वळायचा जोर लावायचो, तो बुटातच विरून जायचा. लोकरीचा एकच जोड घालायचा. सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरली पाहिजेत आणि टाच जागची हलता कामा नये. दुकानात दहा मिनिटं तसंच उभं राहावं.

येऊरच्या पावसाळी वाटांवरचा विंडचीटर फ्लीसवर चालून जातो, पण पँट पूर्ण वॉटरप्रूफच हवी, कारण पहिले दोन दिवस बर्फात बसण्यातच जातात. जीन्स अजिबात नको. हेल्मेट हवंच. पडताना हात आपसूक पुढे जातो आणि स्नोबोर्डवर मनगटालाच सर्वाधिक दुखापत होते, म्हणून मनगटाचे गार्डही घ्यावेत.

भाचीने बोर्ड सोडून दिला. रविवारी घरी आली तेव्हा मी तिला मोज्यांवर फरशीवर घसरायला सांगितलं. तिन्ही वेळा उजवा पाय पुढे गेला. म्हणजे ती 'गूफी'. भाड्याच्या दुकानात बाइंडिंग लावताना पहिला प्रश्न हाच विचारतात.