चालू लाइनवर हॉट टॅप आणि लाइन स्टॉपचा परवाना: अर्ज कुठे अडतो, कोणते कागद लागतात

लाइन बंद न करता तिला फाटा काढायचा असेल (हॉट टॅप), किंवा मधला खराब तुकडा बदलण्यासाठी लाइन आतून बुजवायची असेल (लाइन स्टॉप), तर आधी प्लांटचा लेखी परवाना लागतो. असे अर्ज तपासण्याचं काम मी करतो. परत गेलेले बहुतेक अर्ज त्याच चार-पाच जागी अडकलेले असतात आणि त्यापायी माणसांचे आठवडे वाया जातात. म्हणून नेहमीच्या गोष्टी एका ओळीत सांगून अडचणीच्या जागांवरच जास्त लिहितो.

कामाचा क्रम सर्वांना माहीत आहे. पाइपवर स्प्लिट टी, म्हणजे दोन अर्ध्या भागांचा, पाइपभोवती बसणारा फाट्याचा जोड, वेल्ड होते, तिच्यावर पूर्ण उघडणारा व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हवर टॅपिंग मशीन बसतं. कटर फिरतो आणि कापलेली चकती, म्हणजे कूपन, पायलट ड्रिलच्या तारांना अडकून वर येते. लाइन स्टॉप असेल तर त्याच भोकातून सील लावलेलं हेड आत जातं आणि प्रवाह बायपासने वळतो. अर्ज, रेखाचित्र, जोखीम मूल्यांकन, मशीनचं प्रमाणपत्र, वेल्डरची पात्रता हे कागद सगळे जोडतात. त्यांच्यावरून अर्ज क्वचितच परत जातो.

पहिला प्रश्न पात्रतेचा. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात दाबाखालच्या लाइनवरच्या हॉट टॅपला नेहमीच्या लॉकआउटमधून, म्हणजे कामाआधी पुरवठा बंद करून कुलूप लावण्यातून, सूट आहे, पण तीन गोष्टी सिद्ध केल्या तरच: पुरवठा चालू राहणं अत्यावश्यक आहे, लाइन बंद करणं व्यवहार्य नाही, आणि लेखी कार्यपद्धती व खास उपकरणांमुळे कामगाराला खात्रीचं संरक्षण मिळतं. अर्ज कुठलाही असो, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात हवीत. ‘उत्पादनाचं नुकसान होईल’ एवढं एक वाक्य पुरत नाही. शटडाऊन कधी आहे, तोवर का थांबता येत नाही, दुसरा कोणता मार्ग तपासला, हे लिहा. थांबता येत असेल तर थांबा, चालू लाइनवर वेल्डिंग ही सोय म्हणून करायची गोष्ट नाही.

काही लाइनींना सहसा नकारच मिळतो: ऑक्सिजन, पेटू शकणारं हवा-वायूचं मिश्रण, उष्णतेने विघटन होणारे ॲसिटिलीनसारखे वायू, आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या लाइनी. कॉस्टिक (तीव्र अल्कली), अमाइन (वायू शुद्ध करायला वापरतात ते द्रावण), आतून सिमेंट किंवा काचेचं अस्तर असलेले पाइप यांना वेगळा तांत्रिक अभ्यास जोडावा लागतो. फॉर्ममध्ये द्रवाचं नाव ‘प्रोसेस फ्लुइड’ असं लिहू नका, त्यावरून कुणाला काहीच कळत नाही.

आता जाडीचा अहवाल, जो सर्वांत जास्त नडतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या हॉट टॅपवरच्या मार्गदर्शिकेत, एपीआय आरपी २२०१ मध्ये, वेल्डिंगच्या जागी पाइपची जाडी किमान ४.८ मिलिमीटर असावी अशी शिफारस आहे. ६.४ मिलिमीटर किंवा जास्त जाडी असेल आणि लो-हायड्रोजन (वेल्डमध्ये कमी हायड्रोजन सोडणारा) इलेक्ट्रोड व्यवस्थित वापरला, तर पाइप जळून आरपार जाण्याची शक्यता फारच कमी. त्याखाली पहिल्या थराला २.४ मिलिमीटरचा किंवा त्याहून बारीक इलेक्ट्रोड लागतो. म्हणजे पुढचं सगळं याच एका आकड्यावर ठरतं, आणि लोक जोडतात जुन्या तपासणीची झेरॉक्स.

एकदा एका अर्जाच्या वेळी मी जागेवर गेलो. पाइपवर खडूने टीचं वर्तुळ आखलेलं होतं आणि वर्तुळातल्या रंगाला कुणी हातही लावला नव्हता. घासलेले ठिपके दिसले ते दोन पावलं पलीकडे, पाइपच्या माथ्यावर, उभ्याने हात पोचेल तिथे. तळाला, जिथे पाणी बसून आतून गंज धरतो, तिथे एकही नोंद नव्हती. अहवालात सगळीकडे ९ च्या आसपास आकडे. खाली आडवं पडून, रंग काढून पुन्हा मोजलं तेव्हा तळाशी ५.१ मिलिमीटर निघाले. काम झालं, पण वेगळ्या इलेक्ट्रोडने आणि वेगळ्या कार्यपद्धतीने. म्हणून सांगतो, जिथे वेल्ड बसणार त्या पूर्ण घेरावर चौकटी आखून मोजा, लॅमिनेशनसाठीही (धातूच्या आत सुटलेले थर) स्कॅन करा आणि खडूच्या खुणांसकट फोटो जोडा. साध्या प्रोबने रंगावरून मोजलं तर जाडी फुगून येते.

दुसरा कागद बहुधा कुणाकडेच नसतो: जुन्या पाइपचं मटेरियल सर्टिफिकेट. ते नसेल तर कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्ड करताना पोलाद किती कडक होईल ते सांगणारा आकडा, काढायला जागेवर रासायनिक तपासणी लागते. इथे लोक एक्सआरएफ गनचा (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी) रिपोर्ट आणतात आणि तो परत जातो, कारण ती गन कार्बन मोजतच नाही. स्पार्क पद्धतीचं, ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारं ओईएस यंत्र लागतं, किंवा पाइपचा बारीक कीस काढून प्रयोगशाळेत द्यावा लागतो. हे फॉर्मवर दोन शब्दांत छापायला हवं होतं. छापलेलं नसतं, आणि अर्जदार दोनदा पैसे भरतो.

वेल्डिंगची कार्यपद्धती रिकाम्या पाइपवर पात्र ठरवलेली असेल तर चालत नाही. आत वाहणारा माल वेल्डची उष्णता ओढून घेतो, धातू झटकन थंड होऊन कडक होतो आणि हायड्रोजनमुळे तडकतो. चाचणी पाइपाच्या आतून पाणी खेळवत, प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत घेतलेली हवी.

प्रवाहाचा वेग विचारणारा रकाना बऱ्याच छापील फॉर्ममध्ये नसतोच, तरी तो जोडा. द्रवासाठी सेकंदाला साधारण ०.४ ते १.२ मीटर हा शिफारशीचा पट्टा आहे. ८ इंची शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा प्रमाणित वर्ग) पाइपात ०.४ म्हणजे तासाला सुमारे ४६ घनमीटर. डिझाइन शीटवरचा प्रवाह नको. वेल्डिंगच्या पाळीत पंप कोण सांभाळणार, प्रवाह घटला तर वेल्डरला कोण आणि कसं कळवणार, हे कंट्रोल रूमच्या सहीसकट हवं.

वेल्ड केलेल्या टीच्या दाब चाचणीत सवयीने कामाच्या दाबाच्या दीडपट लिहितात. टीच्या आत लाइनचा पाइप आहे, बाहेरून जास्त दाब आला तर तो आत चेपतो. त्या वेळी लाइनमध्ये जो दाब असेल निदान तेवढा, पण त्याहून सुमारे १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. लाइन १० बारवर असेल तर ११ च्या वर जाऊ नका.

तारखांचा घोळ असा होतो. परवाना मंजूर म्हणजे सगळं काम मंजूर, असं धरून लोक सकाळी वेल्डिंग आणि दुपारी कटिंग मांडतात. या दोन पायऱ्यांचे परवाने वेगळे मागतात. हायड्रोजनची चीर वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनीही उमटते, म्हणून वेल्डच्या तपासणीआधी थांबावं लागतं, आणि ती तपासणी व दाब चाचणी झाल्याशिवाय कटिंगचा परवाना निघत नाही. दैनिक परवाना सहसा त्या पाळीपुरताच असतो. गेजच्या कॅलिब्रेशनची मुदत प्रत्यक्ष कामाच्या दिवशी शिल्लक हवी, अर्जाच्या दिवशी असून उपयोग नाही. त्यात सह्यांना लागणारा वेळ धरा. एकाच कागदाला चार टेबलं फिरवायची गरज मला कधी पटलेली नाही, पण फिरवावं लागतं.

लाइन स्टॉपसाठी आणखी एक पान लागतं आणि ते हमखास राहतं: सील नीट बसलं नाही तर काय करणार? पाइपचा घेर लंबगोल झालेला असेल किंवा आत पापुद्रे असतील तर हेड पूर्ण बंद करत नाही. पलीकडे माणसं कापणार-जोडणार असतील तर एका सीलच्या भरवशावर त्यांना उभं करू नका. दोन सील, मध्ये निचऱ्याचा पॉइंट आणि तिथली गॅस तपासणी हे रेखाचित्रात दाखवा.

काम झाल्यावर परवाना बंद करताना कूपन मागितलं जाईल. ते टॅग लावून आणा, त्याची जाडी मोजून अर्जातल्या आकड्याशेजारी लिहा. कूपन लाइनमध्ये पडलं असेल तर ते लपवू नका. पुढच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा पंपात ते जाऊन बसण्याआधी कंट्रोल रूमला कळायला हवं.