जबरी चोरी: कायदा कशाला म्हणतो, फिर्याद कशी द्यायची, कागद कोणते लागतात

मोबाईल किंवा मंगळसूत्र गेलं की बहुतेक जण ठाण्यात जाऊन 'चोरी झाली' एवढंच सांगतात. लिहून घेणाराही तेवढंच लिहितो, आणि गुन्हा साध्या चोरीचा दाखल होतो. खरं तर चोरट्याने वस्तू कशी नेली, यावर कलम ठरतं.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९ लागतं. त्याआधीची घटना असेल तर जुन्या दंड संहितेचं ३९२. जबरी चोरी दोन तऱ्हांनी होते. चोरी करण्यासाठी, करताना किंवा माल घेऊन जाताना चोरट्याने कुणाला मारलं, दुखापत केली, अडवून धरलं किंवा यातलं काही तिथल्या तिथे करण्याची भीती घातली, ही एक. समोर उभं राहून चाकू दाखवला, 'अंगठी काढ' म्हणाला आणि तुम्हीच ती काढून दिली, ही दुसरी. फोनवरून 'परवा पैसे आणून दे, नाहीतर बघ' अशी धमकी आली तर ती खंडणी, कलम ३०८. जबरी चोरी नव्हे.

बळ कशासाठी वापरलं, हा कळीचा प्रश्न. चोरटा माल टाकून पळाला आणि केवळ सुटका करून घ्यायला दगड मारला, तर ती जबरी चोरी होत नाही. चोरी आणि दुखापत, असे वेगळे गुन्हे होतात. झटक्यात हिसकावून पळ काढला तर कलम ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तीच वस्तू मिळवण्यासाठी ढकलून पाडलं, मनगट पिरगाळलं, तर ३०९: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान महामार्गावर घडलं तर चौदा वर्षांपर्यंत. दुखापत केली असेल तर जन्मठेपेचीही तरतूद आहे. पाच किंवा अधिक जण मिळून असतील तर दरोडा, कलम ३१०. बातम्यांत दोघांनी लुटलं तरी 'दरोडा' छापतात, ते सोडा.

किंमतीचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा. पाच हजारांखालची साधी चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे हातात एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद येतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. जबरी चोरीला अशी किंमतीची अट नाही. चार हजारांचा जुना मोबाईल चाकू दाखवून नेला, तरी गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्रच.

फिर्याद कुणीही देऊ शकतं: ज्याला लुटलं तो, नातेवाईक, पाहणारा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करतात. रात्रीच्या बसमध्ये लुटलं गेलं तर याचा फार उपयोग होतो. खबर (एफआयआर) इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी, ही सवलत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, जबरी चोरीला नाही.

जबाब देताना घाई करू नका. 'अनोळखी इसमाने मोबाईल चोरून नेला' या वाक्यात ३०९ बसत नाही. कुणी हात धरला, काय दाखवलं, नेमके कोणते शब्द वापरले, तुम्ही वस्तू दिली की त्याने ओढली, कुठे लागलं, हे सगळं त्याच क्रमाने यायला हवं. सही करण्याआधी वाचून घ्या. खबरीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

गुन्हा नोंदवायला कुठलाही कागद सक्तीचा नाही. 'आधी बिल आणा' म्हणणं चूक आहे. तरी पुढे उपयोगी पडतात: ओळखपत्र, मोबाईलचं बिल आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख) क्रमांक, दागिन्याची पावती किंवा तो घातलेला फोटो, वाहनाचं आरसी. लागलं असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. फाटलेला शर्ट धुऊ नका, तो पुरावा असतो.

नोंद नाकारली तर फिर्यादीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा आणि पोच जपा. तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. अधीक्षकांची पायरी गाळून थेट न्यायालयात गेलेले अर्ज तिथेच अडकतात.

मुद्देमाल सापडला तरी तो ठाण्यातून सहसा थेट हातात मिळत नाही. न्यायालयात अर्ज करून मालकीचा पुरावा, ओळखपत्र आणि खबरीची प्रत जोडावी लागते. मग बंधपत्र घेऊन सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याच्या लेखी हमीवर, वस्तू देतात. खटला संपेपर्यंत ती विकायची किंवा मोडायची नाही, आणि न्यायालयाने मागितली की हजर करायची.