शेवटचे आकडे हलतात? युनिट पाठवण्याआधी हे वाचा
(अचूक व्होल्टेज रेफरन्स, म्हणजे ठरावीक स्थिर व्होल्टेज देणारं युनिट, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच रेफरन्स युनिटमध्ये बिघाड काहीच नसतो. तक्रार मात्र ठरलेली असते: "शेवटचे दोन आकडे स्थिर राहत नाहीत." त्यामागे बहुतेक वेळा डोक्यावरचा पंखा किंवा समोरचा एसी असतो.

सात व्होल्टच्या रेफरन्सचा एक पीपीएम (दहा लाखांतला एक भाग) म्हणजे सातच मायक्रोव्होल्ट. धातूच्या टोपीतल्या रेफरन्स आयसीचे (चिपचे) पाय कोव्हार नावाच्या मिश्रधातूचे आणि बोर्डावरचे ट्रॅक तांब्याचे असतात. असे दोन धातू जुळले की तिथे थर्मोकपल (तापमानातल्या फरकाने व्होल्टेज देणारा जोड) तयार होतं, आणि कोव्हार-तांब्याच्या जोडाला अंशामागे ३५ ते ४० मायक्रोव्होल्ट सुटतात. सगळे पाय सारखेच गरम असतील तर ही व्होल्टेज एकमेकांना खोडतात. वारा एका बाजूने लागला आणि दोन पायांत पाव अंशाचा फरक पडला, की एक पीपीएम हातचा गेलाच. वारा कधी एकसारखा नसतो, म्हणून आकडाही डोलत राहतो. "आत हीटर आहे, मग काय?" असं विचारतात. हीटर फक्त चिपचं तापमान धरून ठेवतो, पायांचं नाही. उलट पाय आसपासच्या हवेपेक्षा गरम असल्यामुळे झुळूक त्यांना जास्तच लागते.

खात्री करून घ्यायला खर्च नाही. पंखा बंद करा, युनिटवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा. आकडा शांत झाला तर चिप ठणठणीत आहे. नाही झाला, तर मीटरची टोकं तांब्याच्या उघड्या तारेने शॉर्ट करा. तरीही आकडे तितकेच हलत असतील तर दोष मीटरच्या किंवा जोडणीच्या बाजूला आहे. टर्मिनलला हात लावल्यावर लगेच रीडिंग घेऊ नका, बोटांची ऊबही मीटरला दिसते. तांब्यावर काळपट थर चढला असेल तर तो घासून काढा, कारण तांबं आणि त्याचा ऑक्साइड यांच्यातलं व्होल्टेज कोव्हारच्याही कितीतरी पट असतं.

आता झाकण. एलएम ३९९ या रेफरन्स आयसीवर कंपनीचीच प्लास्टिकची टोपी येते. बोर्ड आटोपशीर दिसावा म्हणून ती काढून टाकणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. कृपया काढू नका. एलटीझेड १००० उघडा येतो, त्याला छोटं झाकण आपणच करायचं. आयसीच्या वर झाकतात आणि बोर्डाखालचे पाय उघडेच राहतात, ही नेहमीची चूक. वारा खालूनही लागतो. आयसी ज्या काळ्या फोममध्ये खोचून येतात तो भरायला वापरू नका, त्यातून करंट वाहतो. बाहेरून जाड ॲल्युमिनियमचा डबा असला तर तापमान सगळीकडे सारखं पसरतं. ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर डब्याबाहेर ठेवा.

पण कापसात गुंडाळल्यासारखंही करू नका. एलटीझेड १००० च्या हीटरचं तापमान सर्किटमधल्या रेझिस्टरांवर ठरतं, आणि ते डब्यातल्या कमाल तापमानापेक्षा किमान १० अंश वर हवं. एप्रिल-मेमध्ये रबाळे, महापेच्या पत्र्याच्या शेडमध्ये डब्यातली हवा ५० अंशांपर्यंत गेली आणि हीटर ५५ वर लावलेला असला, तर नियंत्रण सुटतं. एलएम ३९९ चा हीटर ९० अंशांच्या आसपास चालतो, तिथे ही काळजी नाही.

पावसाळ्यातलं सरकणं वेगळं. बोर्ड ओलावा शोषून किंचित फुगतो, आयसीवर ताण येतो आणि रीडिंग आठवड्यांच्या हिशोबात सरकतं. वाऱ्याचा परिणाम सेकंदांत दिसतो, त्यामुळे दोन्ही सहज ओळखू येतात. ओलाव्यावर झाकणाचा उपयोग नाही. सीलबंद डबा आणि सिलिका जेल थोडी मदत करतात.

साप्ताहिक सुट्टीला मेन स्विच बंद करत असाल तर रेफरन्सला वेगळी लाइन द्या. ते जमत नसेल तर चालू केल्यावर पूर्ण दिवस जाऊ द्या, मगच कॅलिब्रेशनची रीडिंग घ्या.

एवढं करूनही आकडा हलला तर युनिट जरूर पाठवा. सोबत खोलीचं तापमान, मीटरचं मॉडेल आणि झाकण लावून व काढून घेतलेली रीडिंग लिहून द्या. जुन्या युनिटला झाकण आम्ही बसवून देतो.