‘निम्मा आशियाई, म्हणून निम्मा त्रास’ हे खरं नाही

अमेरिकेत आई कोरियन किंवा जपानी आणि वडील गोरे असलेल्या मुलांबद्दल हमखास म्हटलं जातं: दारूने चेहरा लाल झाला तरी त्रास निम्माच, आणि आधी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की तोही नाही.

दोन्ही चूक. शरीरात दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विष बनतं. त्याचा निचरा करणारं एएलडीएच२ हे विकर (एन्झाइम) चार तुकडे जुळून तयार होतं. पूर्व आशियात बऱ्याच जणांत आढळणारं त्याचं सदोष जनुक एका पालकाकडून आलं की निम्मे तुकडे बिघडलेले. चारही चांगले जुळण्याची शक्यता १६ त १. एक बिघडलेला तुकडाही उरलेल्यांना ओढून खाली आणतो, त्यामुळे विकराचं काम निम्म्याच्याही बरंच खाली जातं. (सदोष जनुक आलंच नाही, असंही होतं; तोंडवळ्यावरून ते कळत नाही.)

फॅमोटिडिनसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी लाली आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला अडवते, लाली झाकते. विष साचतच राहतं, आणि थांबायची खूण गेल्याने पोरगं आणखी पितं. पुढे धोका अन्ननलिकेच्या कर्करोगाचा.

अमेरिकेत दारू पिण्याचं कायद्याचं वय २१. बोलणं मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच करा. आजोळी कोणाचा चेहरा लाल होतो, ते विचारा. ‘घोटभर देऊन बघू’ ही चाचणी नको.