कोफिलिन दिसले, पण कामावर आहे का?

कर्करोगाची गाठ जागच्या जागी राहिली तर शस्त्रक्रियेला वाव असतो. पेशी सरपटत दुसऱ्या अवयवात पोचल्या की दुखणे हाताबाहेर जाऊ लागते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन केंद्रात म्हणूनच पेशी चालते कशी, हा प्रश्न कळीचा ठरतो.

पेशीला चालवते अ‍ॅक्टिन. या प्रथिनाचे जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे धागे पुढच्या कडेला वाढतात आणि पेशीचे आवरण रेटतात. मात्र धाग्यांचा कारभार त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांच्या हाती असतो. आर्प २/३ फांद्या फोडते, फिलॅमिन धागे एकमेकांत गुंतवते, कोफिलिन जुने धागे तोडून त्यातला माल मोकळा करते.

ही मंडळी शोधायची प्रतिपिंडांनी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला धरण्यासाठी बनवलेल्या अँटिबॉडींनी. साध्या, स्नायूबाहेरच्या पेशींमधले अ‍ॅक्टिनचे जाळे लाझारिडीस आणि वेबर यांनी १९७४ मध्ये असेच उजळवून दाखवले. रीत आजही तीच आहे. पेशी काचेवर फॉर्मल्डिहाइडने स्थिर करायच्या, डिटर्जंटने आवरणाला भोके पाडायची, मग कोफिलिनला धरणारे प्रतिपिंड सोडायचे. ते धुतले की त्याला पकडणारे दुसरे, चमकणारे प्रतिपिंड. खुद्द अ‍ॅक्टिनच्या धाग्यांसाठी आता बहुतेक जण फॅलॉइडिन वापरतात. ते एका विषारी अळंबीतून मिळते. विषाचा इतका सत्कारणी उपयोग क्वचितच झाला असेल.

खरी मेख पुढे आहे. कोफिलिनच्या तिसऱ्या अमिनो आम्लावर, सेरीनवर, फॉस्फेट बसले की ते अ‍ॅक्टिनला धरू शकत नाही. म्हणजे काचेवर हिरवेगार दिसणारे कोफिलिन चक्क रजेवर असू शकते! साध्या प्रतिपिंडाला हा फरक कळत नाही. त्यासाठी फॉस्फेट बसलेलाच तुकडा ओळखणारे वेगळे प्रतिपिंड लागते, आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. एकट्या आकड्यावर काढलेला निष्कर्ष मी तरी मानणार नाही.

शिवाय प्रतिपिंडे भलत्याच प्रथिनालाही चिकटतात. इवल्याशा नळीला हजारो रुपये मोजले, वरच्या लेबलवर नाव बरोबर आहे, एवढ्याने भागत नाही. कोफिलिनचे जनुक काढून टाकलेल्या पेशींवर तेच प्रतिपिंड वापरून बघायचे. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने तपासण्याच्या चाचणीत, कोफिलिनच्या वजनाचा, १९ किलोडाल्टनच्या आसपासचा पट्टा तिथे नाहीसा व्हायला हवा. फॉस्फेटवाल्या प्रतिपिंडाची परीक्षा आणखी एक: विकराने फॉस्फेट काढून टाकले की त्याचा पट्टा गेला पाहिजे. नाही गेला, तर नळी कितीही महाग असो, त्या प्रयोगासाठी बाद.