मिलिटरी डिस्पोजलचा टिपर घेताय? गाडीच्या आधी फॉर्म २१ बघा

डिस्पोजलचा, म्हणजे सैन्याने निकाली काढलेला टिपर बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, मग टायरला लाथ मारतो, मग मागे जाऊन ट्रॉली उचलणारा जॅक गळतोय का बघतो. हे सगळं बघायचंच असतं, पण नंतर. इंजिन बांधून मिळतं, पाटे बदलता येतात, जॅकला नवे सील बसतात. सैन्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचा विक्री दाखला, म्हणजे फॉर्म २१, मात्र कुठल्याच गॅरेजात मिळत नाही, आणि तो नसेल तर ती गाडी खडी-मुरमाच्या कामाला रस्त्यावर कधीच येत नाही. असे टिपर मी क्रशरच्या मागे बाभळीखाली गंजताना पाहिलेत. मालक सांगतो, "स्वस्तात मिळाली होती."

आधी कायदा थोडक्यात. सैन्याची गाडी आरटीओत नोंदलेली नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ६० नुसार संरक्षणाच्या कामातल्या सरकारी गाड्यांची नोंदणी केंद्राने नेमलेला वेगळा प्राधिकारी करतो. म्हणून त्यांच्या पाटीवर एमएच-बिएमएच काही नसतं. वर तोंड केलेला बाण, त्याला लागून वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. आपल्या कामाचं आहे ते याच कलमाचं चौथं पोटकलम: गाडी केंद्र सरकारच्या मालकीची किंवा ताब्यातली राहिली नाही, की तिला कलम ३९ आणि ४० लागू. म्हणजे इतर सगळ्या गाड्यांसारखी नोंदणी करायची, आणि तीही पहिल्यापासून. हे ट्रान्सफर नाही. गाडी कित्येक वर्षं चाललेली असली तरी नागरी दप्तरात ती त्या दिवशी जन्माला येते. अनुभवी एजंटही इथे गडबडतात आणि सवयीने ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० भरून आणतात.

लॉट कोणता आहे ते ओळखा

निकाली गाड्यांचे लिलाव बहुतेक एमएसटीसीच्या पोर्टलवर होतात. ही पोलाद मंत्रालयाखालची कंपनी, १९६४ पासूनची. काही विक्री सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरच्या लिलावातूनही होते. कॅटलॉग उघडला की फोटो आणि किमान किंमत दिसते आणि हात शिवशिवतात. ते बाजूला ठेवून त्या लॉटच्या, म्हणजे एका बोलीत विकल्या जाणाऱ्या मालाच्या, विशेष अटी वाचा. गाडी दोन प्रकारे विकली जाते: चालवण्यासाठी किंवा मोडण्यासाठी. मोडीच्या लॉटवर फक्त नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांना बोली लावता येते, किंवा सामान्य खरेदीदाराला गाडी मिळते ती कापून, नाहीतर नोंदणीचे कागद मिळणार नाहीत या अटीवर. अशा गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, हाऊसिंग सुट्या भागांसाठी उपयोगाचं असेल, पण तिचा टिपर म्हणून विचार करू नका.

वयाचाही प्रश्न आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या मोडीतच काढाव्या लागतात. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष कारवाईत वापरल्या जाणाऱ्या चिलखती व इतर खास गाड्या यातून वगळल्या आहेत. पण सैन्याची आहे म्हणजे सुटली असं गृहीत धरू नका. कॅटलॉग फॉर्म २१ बद्दल गप्प असेल तर बोली लावण्याआधी गाडी जिथे उभी आहे त्या सैन्याच्या डेपोला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी "मिळेल की" याला काही अर्थ नाही.

बोली कोण लावू शकतं, काय लागतं

एकटा माणूस, भागीदारी फर्म, कंपनी, कोणीही. पोर्टलवर खरेदीदार म्हणून नोंदणी लागते. त्यासाठी पॅन, पत्त्याचा पुरावा, बँकेचा तपशील, फर्म असेल तर तिचे कागद आणि असल्यास जीएसटी क्रमांक. बोलीआधी ईएमडी, म्हणजे अनामत रक्कम, भरायची. लिलाव "जसं आहे, जिथे आहे" या अटीवर असतो, म्हणजे गाडी उचलल्यावर आत बॅटरी नाही, सेल्फ नाही, स्टेपनी गायब, या तक्रारीला जागा नाही. सर्वांत वरची बोली तुमची असली तरी काही लॉट मंजुरीच्या अधीन असतात, तिथे वरून होकार यायची वाट बघावी लागते. मग ठरलेल्या मुदतीत पैसे, डिलिव्हरी ऑर्डर आणि गाडी उचलायची तारीख. उशीर केलात तर जागेचं भाडं चढतं, फारच उशीर झाला तर ईएमडीवर पाणी.

जीएसटीचं एक लक्षात असू द्या. सरकारकडून जुनी गाडी घेणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर हा कर विक्रेत्याला द्यायचा नसतो, उलट आकारणीने स्वतः भरायचा असतो. नोंदणी नसलेल्याला तो किमतीबरोबरच द्यावा लागतो. बोलीचा आकडा ठरवताना हे धरलं नाही तर हिशोब कोलमडतो.

चेसिस नंबर: इथे घाई नको

पाहणीच्या दिवशी ओळखपत्र, तारेचा ब्रश, रॉकेलचा बोळा, खडू आणि पेन्सिल घेऊन जा. सैन्यात रंग ब्रशने मारतात, थरावर थर. चेसिसच्या लोखंडावर कोरलेला नंबर त्याखाली झाकलेला असतो. ब्रशने घासायचं, रॉकेलने पुसायचं, खडू आडवा फिरवायचा, की आकडे पांढरे होऊन वर येतात. मग कागद लावून पेन्सिल घासून छाप घ्यायचा. हाच छाप पुढे नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म २० वर, लागतो. केबिनमधल्या धातूच्या पट्टीवरचा नंबर वेगळा वाचून घ्या आणि तिन्ही ठिकाणी जुळतो का ते बघा: कोरलेला, पट्टीवरचा, कॅटलॉगमधला.

इंजिन नंबरची गोष्ट जास्त नाजूक. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिन ओव्हरहॉलला निघालं की पुष्कळदा तयार असलेलं दुसरं इंजिन बसवून गाडी परत पाठवतात. त्यांच्या दृष्टीने सोयीचं आहे, पण जुना नंबर कागदात तसाच राहू शकतो. आमच्या एका टिपरला हेच झालं. फॉर्म २१ वर जुन्या इंजिनचा नंबर, गाडीत दुसरंच इंजिन. आरटीओतल्या निरीक्षकाने टॉर्च मारून नंबर वाचला, कागद बघितला आणि फाईल मिटली. डेपोतून दुरुस्त दाखला यायला चार महिने गेले आणि तेवढे महिने टिपर पार्किंगचं भाडं खात उभा होता. डेपोच्या गेटवरच नंबर पडताळून घेतला असता तर दुरुस्ती त्याच दिवशी झाली असती. त्यात त्यांच्यापेक्षा माझाच आळस जास्त.

नोंदणीचा अर्ज

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ४७ ही इथली किल्ली आहे. फॉर्म २० मध्ये अर्ज करायचा. गाडी नवी, सैन्यातून आलेली की आयात केलेली, असा पर्याय त्या फॉर्मवरच आहे. त्यात सैन्याची गाडी निवडा. सोबत फॉर्म २१ चा मूळ विक्री दाखला. माजी सैन्य गाड्यांसाठी "मूळ" असं नियमातच लिहिलंय, म्हणून झेरॉक्स चालणार नाही. नव्या गाडीचा हा दाखला शोरूमवाला देतो, लिलावातल्या गाडीचा संरक्षण खात्याचा अधिकारी. बाकी विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन, डिलिव्हरी ऑर्डर आणि पैसे भरल्याची पावती जवळ ठेवा. गाडी ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत अर्ज व्हायला हवा, प्रवासाचे दिवस यात धरत नाहीत. व्यवहारात सात दिवस पुरत नाहीत, कारण विमा कंपन्या जुन्या टिपरला हात लावायला कां-कूं करतात. म्हणून विम्याची बोलणी गाडी उचलण्याआधीच करून ठेवा.

डेपोतून गाडी चालवत आणण्याचा मोह आवरा. नोंदणी नाही, सैन्याचा क्रमांक आता तुमचा नाही, वाटेत काही झालं तर हातात काही नाही. एकतर कलम ४३ खाली तात्पुरती नोंदणी काढा, नाहीतर लो-बेडवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरवर, टाकून आणा. मी लो-बेडच सुचवीन. कित्येक दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या एअर ब्रेकवर घाट उतरायला मीही बसणार नाही.

गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत डीलरकडच्या नव्या गाडीला ही सक्ती राहिली नाही, ती सवलत इथे नाही. दाखवायला न्यायच्या आधी रंग बदला. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्याच गाड्यांना. बाण, युनिटची चिन्हं, जुना क्रमांक सगळं घासून काढा, नुसता वरून रंग फासला तर उन्हात खालचा बाण परत डोकावतो. स्पीड गव्हर्नर लागेल, डंपरसाठी तो ताशी ६० किलोमीटरवर बांधलेला असतो. रिफ्लेक्टर टेप, मागचा संरक्षक दांडा, दिवे, इंडिकेटर चालू हवेत. टाट्रासारखी डाव्या स्टिअरिंगची गाडी हाती लागली असेल तर कलम १२० वाचा: वळण्या-थांबण्याचा इशारा देणारं विहित यांत्रिक किंवा विजेवरचं साधन चालू स्थितीत असल्याशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही.

लोड बॉडीचा टिपर करायचा असेल तर

लिलावात तयार टिपर कमी येतात, स्टॅलियनसारख्या सामान वाहणाऱ्या गाड्या जास्त. लोक त्या घेतात, पीटीओ (इंजिनची ताकद जॅकपर्यंत नेणारा भाग) आणि जॅक बसवतात, वर ट्रॉली चढवतात. हा बदल स्वतःच्या मनाने करू नका. ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ हे मानक आहे. मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडून काम करून त्याचा फॉर्म २२-अ, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा दाखला, जोडावा लागतो. नोंदणी झाल्यावर बदल केलात तर गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं कलम ५२ आडवं येतं. शक्यतो आधी बॉडी, मग पासिंग, म्हणजे एकाच फेरीत रिकामं आणि भरलेलं वजन आरसीवर नीट चढतं.

वजनाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. स्टॅलियनला सैन्यात "५/७.५ टनी" म्हणतात: रस्ता सोडून पाच टन, रस्त्यावर साडेसात. त्यात ट्रॉली आणि जॅकचं वजन वजा केलं की खडीसाठी काय उरतं ते कागदावर मांडून बघा. मिलिटरीची गाडी मजबूत असते म्हणून दहा टन भरणाऱ्याला चिखलात ती बाहेर काढेल, पण वजनकाट्यावर वाचवणार नाही.

पासिंगनंतरचं

मालवाहतूक गाडी असल्यामुळे फिटनेस लागतोच. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला तो दोन वर्षांसाठी, पुढे दरवर्षी. वय चढेल तशी त्याची फीही चढते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण कर आहे. परमिट कलम ६६ खाली. नॅशनल परमिट मात्र बारा वर्षांवरच्या गाडीला मिळत नाही, बहुअॅक्सल असेल तर मर्यादा पंधरा वर्षं. सैन्यातून निघालेली गाडी बहुधा त्या रेषेच्या पलीकडेच असते, तेव्हा राज्याच्या हद्दीतलंच काम धरून चाला. ड्रायव्हरकडे जड मालवाहू गाडीचं लायसन्स हवं.

वाळू, मुरूम, खडी वाहणार असाल तर आरटीओ हे अर्धंच काम झालं. गौण खनिजाच्या गाडीला जीपीएस बसवून राज्य सरकारच्या महाखनिज प्रणालीत नोंद लागते आणि प्रत्येक खेपेला वाहतूक पास. पास नसताना गाडी पकडली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड तर होतोच, गाडीही अडकते.

"आम्ही खाणीच्या बाहेरच काढणार नाही, मग नोंदणी कशाला?" असं विचारणारे भेटतात. कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून बाहेर पडते ती फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच खास बनवलेली गाडी. रस्त्यावर चालायला बनलेला टिपर कुंपणाच्या आत उभा केला म्हणून तसा होत नाही. शिवाय डिझेल भरायला, वजनकाट्यावर, गॅरेजला, एकदा तरी तो बाहेर जातोच.

शेवटचं, भंगारवाल्याकडून घेताना. मोठे व्यापारी दहा-दहा गाड्यांचे लॉट उचलतात आणि एकेक विकतात. फॉर्म २१ त्यांच्या नावाचा असतो, त्यामुळे पहिली नोंदणी त्यांच्याच नावावर व्हायला हवी. मग तुमच्या नावावर ट्रान्सफर, आणि फॉर्म २९, ३० ची खरी वेळ तीच. "हा घ्या फॉर्म २१, तुम्ही बघून घ्या" म्हणणाऱ्याला विसारापुरतेच पैसे द्या. त्याने आरसी हातात ठेवली की उरलेले.