शून्याखालचं लिंबू सरबत

"बर्फ बेतानं घाल हं, पाणचट होईल." मे महिन्यात कोथरूडच्या आमच्या घरी कुणी पाहुणा पेल्याकडे बघत असला की हे वाक्य येतंच. व्हिस्की सावर करताना तर हमखास. आणि ते साफ चूक आहे.

सावर म्हणजे दारू, लिंबू आणि साखर. १८६२ साली अमेरिकेतल्या जेरी थॉमस या बारटेंडरनं छापलेल्या कृतींमध्ये सावर आहेत. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हाच ऐवज 'पंच' या नावानं मोठ्या भांड्यातून वाटला जात होता. पंच हा शब्द आपल्याकडच्या 'पाच'वरून गेला, असं बरेच जण मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. त्या पाचांत पाणी उघड मोजलेलं होतं. सावरमध्ये ते बर्फातून गुपचूप येतं, म्हणून आपण त्याला भेसळ समजतो.

माझं प्रमाण असं: ६० मिली व्हिस्की, २५ मिली लिंबाचा रस, २५ मिली साखरेचं पाणी. (महाराष्ट्रात यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण आणि खिशात परवाना लागतो, हेही सांगून टाकते.) साखर तशीच टाकू नका. अल्कोहोलमध्ये ती जवळजवळ विरघळत नाही, त्यात गारठा, मग तळाशी वाळू बसते. वाटीभर पाण्यात वाटीभर साखर कोमट करून विरघळवायची, झालं. तार येईपर्यंत उकळून पाक केलात तर सगळं गणित हुकेल.

हे सगळं बर्फानं भरलेल्या स्टीलच्या बाटलीत घालून पंधराएक सेकंद जोरात हलवायचं. आत काय होतं? शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना आजूबाजूची ८० कॅलरी उष्णता शोषतो. त्याचं झालेलं गार पाणी मात्र एक अंशानं तापताना जेमतेम एक कॅलरी घेतं. म्हणजे पेय गार होतं ते बर्फ थंड असतो म्हणून नव्हे, तो वितळतो म्हणून. आपलं ११० ग्रॅम मिश्रण ३० अंशांवरून उणे ५ पर्यंत न्यायचं तर ढोबळमानानं ३८५० कॅलरी काढाव्या लागतील. भागिले ८०, म्हणजे ४८ ग्रॅम. फ्रीजरमधला बर्फ मुळातच शून्याखाली असतो, थोडा भार तो उचलतो. तरी चाळीसेक मिली पाणी पेल्यात येणारच. बर्फ बेतानं घातला तर तो सगळा विरघळून जातो आणि पेय कोमटच राहतं. गार हवं पण पाणी नको, हा हट्ट निसर्ग पुरवत नाही. शिवाय आपल्याकडची व्हिस्की बहुधा ४२.८ टक्क्यांची. लिंबाचा रस, साखरेचं पाणी आणि हे बर्फाचं पाणी मिळून ती सतराएक टक्क्यांवर येते, तेव्हा कुठे जिभेला लिंबू कळतं.

पण उणे ५? शून्य अंशाला वितळणाऱ्या बर्फानं पेय शून्याखाली कसं जातं? लहानपणी आमच्या वाड्यात पॉट आइस्क्रीम व्हायचं, ते आठवा. लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि हँडल फिरवायला रांगेत उभी पोरं. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सारखे सुटत असतात आणि परत चिकटत असतात. मीठ मिसळलं की परतणाऱ्यांची संख्या घटते, सुटणाऱ्यांची नाही. त्यामुळे शून्याखालीही बर्फ वितळत राहतो आणि उष्णता त्या खारट पाण्यातूनच ओढतो. सावरमध्ये मिठाचं काम अल्कोहोल करतं. बाटलीवर दव गोठून पांढरी साय धरली आणि बोटं चिकटायला लागली की थांबायचं.

आता आंबटगोडाचं. साखर आंबटपणा 'मारते' असं आपण म्हणतो, पण रसातलं आम्ल जिथल्या तिथे असतं. लिटमसला विचारा, तो तितकाच लाल होईल. दबते ती आपली जाणीव. आमटीत आमसूल जास्त झालं की सासूबाई गुळाचा खडा टाकतात, तेव्हाही आमसुलातलं आम्ल नाहीसं होत नाही. तापमानाचीही यात ढवळाढवळ आहे. गोड चव ओळखणाऱ्या पेशींमधली एक यंत्रणा गारठ्यात सुस्तावते. वितळलेलं आइस्क्रीम अतिगोड लागतं ते यामुळेच. म्हणून बर्फ घालण्याआधी चाखाल तेव्हा सावर किंचित जास्त गोड लागायला हवं.

लिंबू आयत्या वेळी पिळा. रसात हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होत जातं, सकाळचा रस रात्री बिघडलेला वाटतो तो त्यानं.

वरचा फेस अंड्याच्या पांढऱ्याचा. हलवताना त्यातली प्रथिनं उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं विणतात. आधी बर्फाशिवाय हलवलं तर फेस चांगला येतो, कारण गारठ्यात प्रथिनं आळशी. पण बर्फ नसला की बाटलीतली हवा आकसत नाही, झाकण आतून ओढून धरायला काहीच नसतं. पहिल्या वेळी माझं झाकण उडालं आणि ओटा, मिक्सर, भिंतीवरचं कॅलेंडर सगळ्यांना फेसाचा अभिषेक झाला. तेव्हा झाकणावर तळहात दाबून धरा. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि लिंबू-व्हिस्की त्याचा खात्रीनं बंदोबस्त करत नाही. आमच्याकडे श्रावणात काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी वापरतात, दोन चमचे. त्यातली प्रथिनं आणि सॅपोनिन नावाचं फेसाळ द्रव्य तोच फेस उभा करतात. मला तर तो जास्त आवडतो, अंड्याचा वास नाही.

सासूबाई घेत नाहीत. त्यांच्यासाठी व्हिस्कीच्या जागी पाणी घालून तीच बाटली, तितकेच सेकंद हलवली. स्वयंपाकाच्या थर्मामीटरवर माझं पेय उणे ४ आणि त्यांचं सरबत शून्याच्या जरासं खाली. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही आकडे नीट वाचले.

"अगं, माझं कमी गार का?"

"तुमच्यात दारू नाही ना. साखरेनं गोठणबिंदू थोडासाच उतरतो."

"मग पॉटसारखं मीठ घाल की."

हिशेब केला. त्यांच्या पेल्याला दीडएक चमचा मीठ लागलं असतं.